‘आता पूर्वीसारखं राहिलं नाही’ : एका राजीनामापत्राचं वाचन

मागच्या व्याख्यानात आपण कांटच्या कर्तव्याच्या कल्पनेवर बोललो. त्यानंतर दोघा-तिघांनी विचारलं, “सर, हे सगळं ठीक, पण सोमवारी सकाळी ऑफिसात गेल्यावर याचं काय करायचं?” प्रश्न रास्त आहे. म्हणून आज टेबलावर ग्रंथ नाही, एक राजीनामापत्र आहे. एखाद्या कवितेचं वाचन करावं तसं आपण त्याचं वाचन करणार आहोत. ते कुठे खरं बोलतं, कुठे स्वतःची समजूत घालतं, आणि लिहिणाऱ्याच्याही ध्यानात आलेलं नाही असं काय सांगून जातं, ते बघायचं.

हे पत्र १४ मार्च २०१२ रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये छापून आलं. लिहिणारा ग्रेग स्मिथ. जोहान्सबर्गचा मुलगा, स्टॅनफर्डला शिकलेला, वय तिशीतलं. नोकरी गोल्डमन सॅक्स या अमेरिकन गुंतवणूक बँकेच्या लंडन कार्यालयात. शीर्षकात आडपडदा नाही : मी गोल्डमन सॅक्स का सोडतोय. माणसं नोकरी सोडताना दोन ओळींचा ईमेल टाकतात, ‘वैयक्तिक कारणास्तव’ लिहितात आणि निरोप समारंभाचा केक कापतात. याने जगातल्या सर्वांत वाचल्या जाणाऱ्या वर्तमानपत्रांपैकी एकात कारण लिहिलं. एवढ्यावरूनही पत्र दखल घेण्याजोगं ठरतं, पण आपल्याला मजकूर बघायचा आहे.

मजकूर असा. स्मिथ २००० च्या उन्हाळ्यात इंटर्न म्हणून आला आणि बारा वर्षं राहिला. काम होतं डेरिव्हेटिव्ह विकण्याचं, म्हणजे शेअरच्या किंवा निर्देशांकाच्या भावावर बेतलेले करार मोठमोठ्या गुंतवणूकदार संस्थांना विकणं. तो सांगतो की कंपनीची एक संस्कृती होती. एकोप्याने काम करणं, नम्रता, आणि गिऱ्हाइकाच्या भल्याचं बघणं. ती गेली. आता वर चढायचे मार्ग तीन. एक, कंपनीला स्वतःच्या गळ्यातलं जे लोढणं काढून टाकायचं आहे ते गिऱ्हाइकाच्या गळ्यात अडकवा. दोन, गिऱ्हाइकाला हवं ते न विकता आपल्याला ज्यात जास्तीत जास्त सुटतं ते विका. याला त्यांच्यात हत्तीची शिकार म्हणतात. तीन, ज्याचं नाव तीन अक्षरी आहे आणि जे कुणाला धड कळत नाही असं काहीतरी विकण्याच्या खुर्चीत जाऊन बसा. तो म्हणतो, वर्षभरात पाच वरिष्ठांना गिऱ्हाइकांचा उल्लेख ‘मपेट’ असा करताना मी ऐकलं. मपेट म्हणजे टीव्हीवरच्या त्या बाहुल्या. इंग्लंडच्या बोलीत अर्थ होतो बावळट. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे : बकरा.

आणखी एक निरीक्षण आहे, आणि मला तेच पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाटतं. नवीन भरती झालेली पोरं वरिष्ठांना सर्वांत जास्त वेळा काय विचारतात? या गिऱ्हाइकाकडून आपण किती कमावले? स्मिथचं म्हणणं, यात पोरांचा दोष नाही. वरची माणसं जे बोलतात त्याचंच हे प्रतिबिंब आहे. कोपऱ्यात बसून बकऱ्यांच्या गोष्टी ऐकणारं पोर दहा वर्षांनी काय होणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. स्मिथ कंपनीच्या भरतीच्या चित्रफितीत झळकलेला माणूस होता, कॉलेजांत जाऊन मुलांना कंपनीची महती सांगायचा. एक दिवस त्याच्या लक्षात आलं की या मुलांच्या डोळ्यांत बघून आपल्याला आता हे सांगता येत नाही. तेव्हा त्याने ठरवलं, निघायचं.

पत्र आलं त्या दिवशी कंपनीचा शेअर तीन टक्क्यांहून अधिक उतरला. बाजारमूल्यात सुमारे २ अब्ज डॉलरचा खड्डा पडला. आणि त्याच दिवशी पत्राची टिंगलही सुरू झाली. शेवटाकडे स्मिथने आयुष्यातले अभिमानाचे क्षण सांगितलेत. त्यात इस्रायलमधल्या मॅकाबाया स्पर्धेत टेबल टेनिसमध्ये मिळालेलं कांस्यपदक आहे! लोक हसले. मलाही पहिल्या वाचनात हसू आलं. पण जरा थांबून बघा. तो म्हणतो की यातलं काहीच मला आडवाटेने मिळालं नाही, मेहनत करून मिळालं. ज्या जागी फक्त रकमेची भाषा चालते तिथला माणूस निघताना पदकाची आठवण काढतो, कारण त्या पदकाला बोनस जोडलेला नव्हता. हा धागा हातात ठेवा, पुढे लागेल.

कंपनीचं उत्तर काय? अध्यक्ष लॉइड ब्लँकफाइन आणि त्यांचे सहकारी गॅरी कोन यांनी कर्मचाऱ्यांना निवेदन पाठवलं. सांगितलं की हा माणूस सुमारे १२ हजार व्हाइस प्रेसिडेंटांपैकी एक आहे. (तीस-बत्तीस हजार माणसांच्या कंपनीत बारा हजार उपाध्यक्ष! आमच्या विद्यापीठाच्या समित्यांतसुद्धा इतके पदाधिकारी नव्हते.) शिवाय, आमच्या सर्वेक्षणात ८९ टक्के कर्मचारी म्हणतात की आपण गिऱ्हाइकांना उत्तम सेवा देतो. पुढे त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये स्मिथचं पुस्तक आलं, तेव्हा कंपनीकडून कळलं की या गृहस्थाला दहा लाख डॉलरचा मोबदला आणि बढती हवी होती, ती मिळाली नाही.

आता तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकवतात ते इथे लावू. माणसाचा हेतू काय होता, हा एक प्रश्न. तो बोलतोय ते खरं आहे का, हा दुसरा. भाडेकरू चिडलेला आहे, एवढ्यावरून छत गळत नाही असं सिद्ध होत नाही. उलट छत गळतंय म्हणूनच तो चिडला असेल. स्मिथला बढती हवी होती हे धरून चालू. त्याने गिऱ्हाइकांच्या पैशांविषयी जे सांगितलं त्याचं खंडन त्यातून कसं होतं? होत नाही. कंपनीने आपल्या ईमेलांमध्ये ‘मपेट’ हा शब्द शोधायला घेतल्याच्या बातम्या पुढच्या काही दिवसांतच आल्या. म्हणजे तोंडाने हेतूवर बोट ठेवलं तरी हाताने तपास विधानाचाच सुरू होता.

असंतुष्ट कर्मचाऱ्याची बाजू घेऊन मी इथेच थांबलो तर ती वकिली होईल, चिकित्सा होणार नाही. या पत्रात दोन जागा कच्च्या आहेत, आणि त्या कच्च्या असण्यातच आपल्याला रस आहे.

पहिली जागा म्हणजे ‘संस्कृती’ हा शब्द. स्मिथ म्हणतो की या संस्कृतीने १४३ वर्षं गिऱ्हाइकांचा विश्वास कमावून दिला. गणित बरोबर आहे, कंपनी १८६९ ची. पण या १४३ वर्षांत १९२९ सुद्धा येतं! गोल्डमन सॅक्स ट्रेडिंग कॉर्पोरेशन नावाची गुंतवणूक कंपनी यांनी डिसेंबर १९२८ मध्ये काढली आणि तिचे शेअर लोकांना १०४ डॉलरला विकले. भाव तीनशेच्या पार गेला. मग मंदी आली आणि तोच शेअर पावणेदोन डॉलरवर आला. पुढे अमेरिकन सिनेटच्या समितीसमोर भागीदार सॅक्स यांना या आकड्यांचं उत्तर द्यावं लागलं. तेव्हा ‘नम्रता आणि गिऱ्हाइकाचं भलं’ यांचा इतिहास सलग १४३ वर्षांचा नाही. सुवर्णयुगाच्या प्रत्येक गोष्टीत हे एक पान चिकटलेलं असतं, आणि सांगणारा दोन पानं एकदम उलटतो.

याहून गंमत पुढे आहे. भागीदारीची असलेली ही कंपनी शेअर बाजारात उतरली मे १९९९ मध्ये. स्मिथ पहिल्यांदा आत शिरला २००० मध्ये. ज्या जुन्या घराच्या पडझडीबद्दल तो हळहळतो ते घर तो येण्याआधीच विकलं गेलं होतं. त्याने अनुभवलेली ‘मूळ संस्कृती’ म्हणजे विक्रीनंतरही काही वर्षं भिंतींना राहिलेला जुना वास. आपल्यातही हे चालतं. बँकेतला, विमा कंपनीतला, कॉलेजातला कुठलाही माणूस घ्या. त्याच्या मते ऱ्हास कधी सुरू झाला? तो रुजू झाला त्यानंतर पाच-सात वर्षांनी. सत्ययुग संपायची तारीख प्रत्येकाच्या नेमणूकपत्राजवळ कुठेतरी असते.

मग ही तक्रार नुसती स्मरणरंजनाची का? नाही. तसं म्हणणं व्यवस्थापनाला फार सोयीचं आहे म्हणूनच सावध राहायला हवं. काहीतरी खरोखरच बदललं होतं. फक्त ते स्मिथ दाखवतो तिथे, म्हणजे वरिष्ठांच्या शीलात, मुळात नव्हतं.

बघा, भागीदारी म्हणजे काय? अनेक दशकं या कंपनीचे भागीदार अमर्याद जबाबदारीचे धनी होते. धंदा बुडाला तर नुसती कंपनी बुडत नाही, तुमचं घरदारही जातं. त्यांचा पैसा वर्षानुवर्षं कंपनीतच अडकलेला असे. निवृत्त होईपर्यंत तो सहजी काढता येत नसे. १९७० मध्ये पेन सेंट्रल ही अमेरिकेतली अवाढव्य रेल्वे कंपनी दिवाळखोरीत गेली. तिचे अल्पमुदतीचे कर्जरोखे गोल्डमनने आपल्या गिऱ्हाइकांना विकलेले होते. गिऱ्हाइकांनी दावे लावले आणि भागीदारांच्या झोपा उडाल्या, कारण पणाला लागलेलं भांडवल त्यांचं स्वतःचं होतं. त्याच दशकाच्या अखेरीस जॉन व्हाइटहेड यांनी कंपनीची तत्त्वं कागदावर उतरवली. पहिलं तत्त्व : गिऱ्हाइकाचं हित नेहमी आधी. मला नाही वाटत की ही तत्त्वं लिहिणारी माणसं संत होती. शेजाऱ्याच्या घराला आग लागली तर आपलं छप्परही पेटतं, हे नुकतंच बघितलेली ती माणसं होती.

१९९९ नंतरही तत्त्वं कागदावर राहिली. ती ज्या खिळ्याला टांगली होती तो खिळा तेवढा काढला. दोनशेवर भागीदार कागदोपत्री एका दिवसात अतिश्रीमंत झाले, जोखीम भागधारकांकडे गेली, आणि वर्षाचा बोनस वर्षाच्या आकड्यांवर ठरू लागला. याच कंपनीत बारा वर्षं काम करून पुढे समाजशास्त्रात डॉक्टरेट केलेल्या स्टीव्हन मँडिस यांचं २०१३ चं पुस्तक आहे. ते एवढं एकच कारण मानत नाहीत. वाढ, स्पर्धा, नियम, तंत्रज्ञान अशा अनेक दाबांखाली संस्था हळूहळू वाहवत गेली, असं ते मांडतात. नाव वाहवत जाते तेव्हा आतल्यांना हललेलं कळत नाही, काठावरचं झाड लांब गेलेलं दिसतं तेव्हा कळतं. मला त्यांचं म्हणणं पटतं. तरीही त्या सगळ्या दाबांत ‘चुकलं तर माझं घर जाईल’ ही भीती काढून टाकणं हा मोठा दाब होता, असं मी म्हणेन.

इथे मॅकिंटायर आठवतात. १९८१ च्या ‘आफ्टर व्हर्च्यू’ या ग्रंथात त्यांनी एक साधं उदाहरण दिलंय. बुद्धिबळाची आवड नसलेल्या एका हुशार मुलाला तुम्ही सांगता, माझ्याशी खेळ, गोळ्या-चॉकलेट देईन. जिंकलास तर आणखी देईन. पोरगं खेळतं, जिंकण्यासाठी खेळतं. पण जोवर त्याला फक्त चॉकलेट हवंय, तोवर तुमची नजर चुकवून सोंगटी सरकवायला त्याची हरकत का असावी? काहीच कारण नाही. पुढे कधीतरी त्याला खेळातलीच गोडी लागली, डाव रचण्याचा, पुढचं ओळखण्याचा आनंद कळला, तर सोंगटी सरकवून तो तुम्हाला नव्हे, स्वतःला फसवेल. चॉकलेट खेळाच्या बाहेरचं, डावाचा आनंद खेळाच्या आतला. मघाचं ते कांस्यपदक आठवा. स्मिथला आयुष्यात कधीतरी आतली गोडी लागलेली होती, आणि बारा वर्षं तो ती चॉकलेटच्या दुकानात शोधत होता.

पण मॅकिंटायरना एक प्रश्न विचारावा लागतो, आणि स्मिथलाही. डेरिव्हेटिव्ह विकण्यात आतली गोडी असते का? वैद्यकात असते, शिकवण्यात असते, सुतारकामात असते, हिशेब चोख ठेवण्यातसुद्धा असते. माझं उत्तर असं की असू शकते, पण एका अटीवर. समोरच्याला त्याच्या गरजेचं देण्यात ती असते. पेन्शन फंड सांभाळणाऱ्याला त्याची जोखीम नीट समजावून, ती कमी होईल असा करार जुळवून देणं हे कसबाचं काम आहे. समोरचा बकरा झाला की कसब संपलं, उरली शिकार. म्हणून मी ‘मपेट’ या शब्दाला शिवी समजत नाही. त्या दालनात चाललेल्या कामाची जात बदलली, ही बातमी त्या शब्दात आहे.

दुसरी कच्ची जागा. स्मिथ स्पष्ट लिहितो की बेकायदेशीर काही मला ठाऊक नाही. पण हे पत्र येण्याच्या दोन वर्षं आधी, एप्रिल २०१० मध्ये, सिनेटर कार्ल लेव्हिन यांच्या समितीसमोर याच कंपनीची झाडाझडती झाली होती. आपण गिऱ्हाइकांना विकतोय तो माल टाकाऊ आहे असं आतल्या आत म्हणणारे ईमेल तिथे वाचले गेले. त्याच जुलैत ॲबकस नावाच्या व्यवहाराबद्दल कंपनीने नियामकांना ५५ कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवलं. माहितीच्या अंगाने बघितलं तर स्मिथच्या पत्रात नवीन काहीच नव्हतं. आणि तरी शेअर पडला, जगभर चर्चा झाली. का?

कारण ईमेल हा पुरावा असतो, साक्षीत आवाज असतो. नियामकाला व्यवहार दिसतो. दालनातलं हसणं त्याला दिसत नाही. गिऱ्हाईक फोन ठेवल्यावर टेबलावरची माणसं एकमेकांकडे कशी बघतात, हे फक्त त्या टेबलावरच्या माणसाला माहीत असतं. कर्मचाऱ्याच्या वैतागाला आपण मनाची अवस्था समजतो. ‘डिमोटिव्हेट झालाय’, ‘बर्नआउट आहे’, पाठवा समुपदेशकाकडे. माझं म्हणणं असं की बरेचदा हा वैताग म्हणजे ज्ञान असतं. संस्थेविषयीचं असं ज्ञान, जे मिळवायला दुसरा मार्ग नाही. ते बिनचूक असेल असं नाही. आताच पाहिलं, स्मिथचं निदान चुकलंय. पण दुखतंय कुठे हे सांगताना रोगी चुकत नाही, का दुखतंय हे सांगताना चुकू शकतो. डॉक्टर दोन्हींत फरक करतो. व्यवस्थापन करत नाही. निदान चुकलं की दुखणंच नाही म्हणतं.

आणि मग ते ८९ टक्के. माझी एक जुनी विद्यार्थिनी इथे खराडीला एका परदेशी बँकेच्या कार्यालयात आहे. तिच्याकडे दरवर्षी असं सर्वेक्षण होतं. ती सांगत होती, “सर, वर लिहिलेलं असतं की तुमचं नाव कुणालाही कळणार नाही. पुढे विचारतात विभाग, हुद्दा, किती वर्षं नोकरी, स्त्री की पुरुष. आमच्या टीममध्ये सहा जण, त्यात बाई मी एकटी.” तिने सगळीकडे ‘पूर्णपणे सहमत’वर खूण केली. वरच्या माणसाला अहवाल गेला की टीम आनंदी आहे. आता तुम्हीच सांगा, या टक्केवारीत काय मोजलं गेलं? समाधान मोजलं, की सावधपणा? गोल्डमनच्या सर्वेक्षणाची पद्धत काय होती याबद्दल मी बोलत नाहीये. सामान्य तत्त्व सांगतोय. ज्या उत्तराची किंमत देणाऱ्याला भरावी लागू शकते, त्या उत्तराची सरासरी काढून ज्ञान होत नाही.

इथपर्यंत आपण एका सुस्थितीतल्या माणसाच्या वैतागाबद्दल बोललो. स्मिथकडे शिल्लक होती, पदवी होती, दार ठोठावता येईल असं वर्तमानपत्र होतं. आता त्याच देशातल्या दुसऱ्या एका प्रचंड वित्तसंस्थेत जाऊ, पण वरच्या मजल्यावर नाही. काउंटरवर.

वेल्स फार्गो. १८५२ ची कंपनी, घोडागाडीचं बोधचिन्ह, गावोगावी शाखा. ‘शाखा’ हा शब्द मात्र ते वापरत नव्हते, ‘स्टोअर’ म्हणत. म्हणजे दुकान. शब्द बदलला की काम बदलतं, हे आपण मघाशी पाहिलं. प्रत्येक गिऱ्हाइकाला बँकेची आठ उत्पादनं विकायची असं लक्ष्य होतं : बचत खातं, क्रेडिट कार्ड, कर्ज, असं काहीबाही. आठच का? २०१० च्या वार्षिक अहवालात प्रमुख जॉन स्टम्प यांनीच कारण दिलंय : इंग्रजीत ‘एट’चं यमक ‘ग्रेट’शी जुळतं. एका यमकापायी हजारो माणसांचे दिवस ठरत होते! लॉस एंजेलिस शहराने २०१५ मध्ये बँकेविरुद्ध दावा लावला, त्यात दिनक्रम नोंदवलाय. प्रत्येक स्टोअरच्या विक्रीची विचारणा दिवसातून चार वेळा. सकाळी अकरा, दुपारी एक, तीन, संध्याकाळी पाच. औषधाच्या गोळ्यासुद्धा आम्ही दिवसातून तीनदाच घेतो.

मग व्हायचं ते झालं. लोकांच्या नकळत त्यांच्या नावावर खाती उघडली गेली, कार्डं निघाली. ८ सप्टेंबर २०१६ रोजी नियामकांनी मिळून साडेअठरा कोटी डॉलरचा दंड जाहीर केला. तेव्हा आकडा होता सुमारे वीस लाख खात्यांचा, पुढे तो पस्तीस लाखांपर्यंत गेला. आणि त्याच दिवशी हेही कळलं की पाच वर्षांत या कारणावरून सुमारे ५,३०० कर्मचाऱ्यांना घरी पाठवलं होतं. हा आकडा बँक आपल्या बाजूचा पुरावा म्हणून सांगत होती. बघा, आम्ही वाईट माणसं शोधून काढली! स्टम्प यांचा सुरुवातीचा सूर हाच होता. संस्कृती चांगली आहे, काही माणसांनी ती पाळली नाही.

या वाक्यावर मला जरा थांबायचंय. स्मिथ म्हणतो, संस्कृती बिघडली कारण वरची माणसं बिघडली. स्टम्प म्हणतात, संस्कृती चांगली आहे, खालची माणसं बिघडली. दोघांची बोटं उलट दिशांना, पण व्याकरण एकच. दोघंही ‘संस्कृती’ नावाची एक पवित्र वस्तू कल्पतात, ती व्यवहाराच्या वर कुठेतरी तरंगते आणि माणसं तिला विटाळतात. अकरा, एक, तीन आणि पाचचा तो फोन कुणालाच संस्कृती वाटत नाही. माझ्या मते तो फोनच संस्कृती होती. मूल्यांची पुस्तिका तर बँकेकडे होतीच, चांगली गुळगुळीत कागदाची. पण तासावर पगार घेणाऱ्या काउंटरवरच्या मुलीला संस्था काय मानते हे पुस्तिकेतून कळत नाही, संध्याकाळी पाच वाजता कळतं.

आणि त्या मुली-मुलांनी सांगितलं नव्हतं असं समजू नका. बँकेने स्वतःच एक दूरध्वनी क्रमांक ठेवला होता, गैरप्रकार कळवायचा. काही माजी कर्मचाऱ्यांनी नंतर वार्ताहरांना सांगितलं की आम्ही त्यावर कळवलं आणि थोड्याच दिवसांत आमची नोकरी गेली. एका व्यवस्थापकाने हाताखालच्या दोघांचे संशयास्पद व्यवहार कळवले होते, त्याला २०१० मध्ये काढलं. अमेरिकेच्या श्रम खात्याने त्याला परत घ्या आणि ५४ लाख डॉलर द्या असा आदेश दिला, कधी? एप्रिल २०१७ मध्ये. मधली सात वर्षं मोजा. त्याचं पत्र कुठल्या वर्तमानपत्रात आलं नव्हतं, त्याच्या वैतागाने शेअर हलला नव्हता. वरच्या मजल्यावरच्या माणसाने तक्रार केली की ती ‘संस्कृतीच्या ऱ्हासाची चर्चा’ होते. काउंटरवरच्याने केली की ‘कामगिरीचा प्रश्न’ होतो. स्मिथच्या पत्राविषयी माझं सगळ्यात मोठं असमाधान हे आहे. बकरा म्हटल्या गेलेल्या गिऱ्हाइकाची त्याला लाज वाटते, ते त्याच्या पदरी टाकायलाच हवं. पण त्याच इमारतीत खाली बसून जे रात्री अकरापर्यंत त्या व्यवहारांची कागदपत्रं जुळवतात, त्यांच्याबद्दल पत्रात अक्षर नाही. त्यांच्या लेखी संस्कृती कधी चांगली होती का, हा प्रश्न त्याला पडलेलाच नाही.

शेवटचा मुद्दा हर्शमन यांचा. अल्बर्ट हर्शमन, १९७०, छोटंसं पुस्तक, अर्थशास्त्रातलं असून तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी वाचावं असं. संस्था घसरायला लागली की माणसासमोर दोन वाटा असतात. निघून जाणं, किंवा राहून बोलणं. निष्ठा या दोन्हींच्या मध्ये उभी असते. ती माणसाला चटकन निघू देत नाही, म्हणून तो बोलतो. हर्शमन यांच्या डोक्यात हा विचार नायजेरियातली रेल्वे बघून आला. ट्रकांची सोय झाल्यावर रेल्वे सुधारायला हवी होती, ती आणखी बिघडली. कारण ज्यांना वेळेची, दर्जाची सगळ्यात जास्त फिकीर होती ते व्यापारी आधी ट्रककडे गेले. ओरडणारेच गेल्यावर ओरडणार कोण?

नोकरीत नेमकं हेच होतं. ज्याला दर्जा कळतो त्याला बाहेर नोकरी मिळते. तो आधी जातो. उरतात दोन प्रकारचे लोक. ज्यांना घसरण दिसत नाही ते, आणि ज्यांना दिसते पण घराचे हप्ते आहेत, आईचं डायलिसिस आहे, व्हिसा कंपनीच्या नावावर आहे ते. न्यू जर्सी, लंडन, सिंगापूरहून हे व्याख्यान ऐकणारे आपले लोक आहेत. व्हिसाचं मी काय म्हणतोय ते त्यांना फोड करून सांगायला नको. अशा माणसाला ‘एवढं वाईट आहे तर सोड ना’ असं आपण सहज म्हणतो. नवरा बायकोला म्हणतो, आई-बाप मुलांना म्हणतात. हर्शमन वाचल्यावर या सल्ल्यातला दोष दिसतो. सोडणं हे एकाचं सुटणं आहे, आणि मागे राहिलेल्यांतलं एक तोंड कमी होणं आहे.

स्मिथने काय केलं? तो बाहेर पडला आणि मग बोलला. ही तिसरीच चाल झाली, आणि हर्शमन यांच्या आराखड्यात ती अवघडून बसते. निघून गेलेल्याचा आवाज मोठा असतो, पण त्याला उत्तर द्यायला कुणी बांधील नसतं. तो आता आपला नाही, एवढं म्हटलं की झालं. पत्राच्या शेवटी स्मिथ संचालक मंडळाला सांगतो की नीतीने दिवाळखोर झालेल्या माणसांना काढून टाका. माणसं बदला म्हणतो. खिळा परत ठोका म्हणत नाही. जोखीम पुन्हा त्यांच्या अंगावर घ्यायला लावा, बोनस पाच-दहा वर्षं अडकवून ठेवा, खालच्या माणसाच्या तक्रारीला कायद्याचं कवच द्या, यातलं काहीच तो मागत नाही. वेल्स फार्गोत स्टम्प गेले, ऑक्टोबर २०१६ मध्ये. मंडळाने त्यांच्याकडून काही कोटी डॉलर परत घेतले, नियामकांनी २०२० च्या जानेवारीत पावणेदोन कोटींचा वैयक्तिक दंड लावून बँकिंगमधून कायमचं बाद केलं, आणि फेब्रुवारीत बँकेने ३ अब्ज डॉलर भरून सरकारी प्रकरणं मिटवली. उशिरा का होईना, एका माणसाच्या खिशापर्यंत हात पोचला. पेन सेंट्रलच्या वेळी भागीदारांना जी झोप लागत नव्हती, तिचा थोडासा अंश इथे परत आला असं म्हणता येईल. थोडासाच.

माझ्या त्या विद्यार्थिनीने विचारलं होतं, पुढच्या सर्वेक्षणात मी काय लिहू? मी म्हटलं, एकटीने काहीच लिहू नकोस. आधी उरलेल्या पाच जणांबरोबर चहा घे. ती म्हणाली, “सर, पाचांतले दोघं घरून काम करतात, एक नोटीस पीरियडवर आहे.” नोटीस पीरियडवरचा म्हणजे हर्शमनचा ट्रककडे गेलेला व्यापारी. राहिले किती, तुम्ही मोजा.

वेळ झाली आहे. प्रश्न लिहून पाठवलेत ते आता घेऊ. पहिला प्रश्न युनियनबद्दल दिसतोय, आणि तो यायलाच हवा होता.